तारा बदलण्याआधी

माहीम, मुंबई ४०० ०१६



तू अखेर स्वतःची बेस गिटार घेतलीस हे ताईकडून कळलं, आणि तू पाठवलेलं रेकॉर्डिंगही हेडफोन लावून नीट ऐकलं. सेकंडहँड असला तरी वाद्य चांगलं निवडलंस. वरच्या फ्रेटवर कुठे खरखर नाही, म्हणजे मान सरळ असावी, आणि उघडी ई दमदार लागते आहे. आता तुझा प्रश्न. आधीच्या मालकाने लावलेल्या राऊंडवाउंड तारा जुन्या होऊन मवाळ वाजू लागल्यात. दुकानदार म्हणतो फ्लॅटवाउंड लाव. तुमचा कीबोर्डवाला म्हणतो, जुन्या राऊंडचा आवाज फ्लॅटसारखाच होतो, उगाच खर्च कशाला? आणि तू मधल्या मध्ये अडकलायस.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. फ्लॅट लाव. पण दुकानदार सांगतो म्हणून किंवा मामा सांगतो म्हणून लावू नकोस. बेसवाल्याला आपला आवाज स्वतः ठरवता आला पाहिजे, आणि तारा हा त्यातला सगळ्यात मोठा निर्णय आहे. पिकअप, ॲम्प, पेडल हे सगळं त्याच्या मागून येतं.

कीबोर्डवाल्याचं अर्धं बरोबर आहे. राऊंड तार म्हणजे आत पोलादाचा गाभा आणि त्याच्यावर गोल तारेचे वेढे. हे वेढे काहीसे मोकळे असतात, म्हणून तार लवचीक राहते आणि खालच्या सुराबरोबर वरचा ट्रेबलही भरपूर निघतो. नव्या सेटचा तो पियानोसारखा झणझणीत आवाज यातूनच येतो. पण दोन वेढ्यांच्या मध्ये खाच राहते, आणि त्या खाचेत बोटांचा घाम, तेल, कातडीचा भुगा, धूळ असं सगळं जाऊन बसतं. वेढ्यांची हालचाल दबते, ट्रेबल मरतो, आवाज मवाळ होतो. फ्लॅट तारेवर गोल तारेऐवजी चपटी पट्टी काठाला काठ लावून गुंडाळलेली असते. तिथे पट्टीच पट्टीला घासते, तार मुळातच जरा ताठ असते, त्यामुळे ट्रेबल पहिल्यापासून कमी. म्हणजे दोन्हीकडे ट्रेबल कमी, आणि दुरून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात.

फरक पडतो तो सुरात. फ्लॅट तार टोकापासून टोकापर्यंत सारख्या वजनाची असते. जुनी राऊंड तशी राहत नाही. तू जिथे जास्त वाजवतोस, म्हणजे पहिल्या पाच-सात फ्रेटवर आणि उजव्या हाताच्या बोटांखाली, तिथे मळ जास्त साचतो आणि तिथेच फ्रेट घासून तारेला खालून खड्डे पडतात. तार एका जागी जड, दुसऱ्या जागी झिजलेली. अशी तार कंप पावते तेव्हा तिचे वरचे सूर मूळ सुराशी जुळत नाहीत. मग खुंटीवर ई बरोबर लावलास तरी तिसऱ्या फ्रेटचा जी किंचित वर आणि सातव्याचा बी किंचित खाली असा प्रकार सुरू होतो. गायकाला कळतं की काहीतरी बोचतंय, पण काय ते सांगता येत नाही. मोठ्या आवाजात हे झाकलं जातं. हार्मोनियम आणि कीबोर्ड पक्क्या सुरात वाजत असताना, हळू गाण्यात, ते उघडं पडतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ. पांढऱ्या सुती फडक्याच्या चिमटीत तार धर आणि ब्रिजपासून वरपर्यंत एकदाच ओढ. फडक्यावर काळपट तपकिरी पट्टा उमटला तर तो मळ आणि गंज दोन्ही आहे. मग अंगठ्याचं नख तारेच्या खालच्या अंगाला लावून पहिल्या फ्रेटपासून सातव्यापर्यंत सरकव. जिथे नख टक्‌ करून अडकेल तिथे खड्डा आहे. शेवटची परीक्षा ट्यूनरवर. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजव, मग तीच तार तिथेच दाबून वाजव. दोन्हींचा सूर एकच यायला हवा. फरक असेल तर ब्रिजवरचं सॅडल पुढे-मागे करून तो काढता येतो. पण सॅडल जुळवूनही पाचव्या-सातव्या फ्रेटवर काटा भलतीकडेच जात असेल, किंवा एका जागी ठरतच नसेल, तर ती तार संपली. तुझ्या रेकॉर्डिंगमधली ए तार मला तशीच वाटते.

एक खुलासा करतो, नाहीतर तू नवी राऊंड लावून पंधरा दिवसांनी घाबरशील. बसलेली राऊंड आणि मेलेली राऊंड यात फरक आहे. नव्या सेटची पहिली झणझण काही दिवसांत उतरते आणि तार बसते. कित्येक चांगले वादक रेकॉर्डिंगला मुद्दाम अशीच बसलेली तार वापरतात. ती सुरात असते, नुसता वरचा कडकपणा गेलेला असतो. अडचण इतकीच की हा मधला काळ टिकत नाही, आणि आपल्याकडे तर फारच कमी टिकतो. माहीमच्या उपसागरावरून येणारा खारा वारा, त्यात जूनपासूनची दमट हवा, त्यात स्टेजवरच्या हॅलोजनखाली हातांना सुटलेला घाम. तुमच्या लालबागला समुद्र थोडा लांब आहे, पण घाम तोच. परदेशी पुस्तकांत राऊंड सेटचं जे आयुष्य लिहिलेलं असतं ते थंड, कोरड्या हवेतलं असतं. इथे त्याच्या निम्म्याचा हिशेब धर.

तारा उकळायची युक्ती कुणीतरी सांगेलच. आयातीवर निर्बंध होते तेव्हा परदेशी सेट मिळणं मुश्कील आणि मिळाला तर महाग. तेव्हा पुष्कळांनी पातेल्यात तारा उकळून दिवस काढले. पाण्याने खाचेतला मळ सुटतो आणि चार दिवस तार खरंच उजळ वाजते. पण फ्रेटने पाडलेला खड्डा उकळून भरत नाही, आणि वेढ्यांत पाणी राहिलं तर आतून गंज वेगाने चढतो. उद्या शो आहे आणि हाताशी सेट नाही, एवढ्यापुरतीच ती युक्ती ठेव. फ्लॅट तार मात्र कधीही उकळू नकोस.

आता कीबोर्डवाला तुला जेम्स जेमरसनचं नाव सांगेल. बेसवाल्यांच्या वादात ते यायचंच. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या शेकडो गाण्यांवर या माणसाचा बेस आहे. १९६२ सालचा फेंडर प्रिसिजन, उजव्या हाताचं एकच बोट, आणि तुटल्याशिवाय तार बदलायची नाही हा त्याचा नेम. मळातच खरा आवाज आहे, असं तो मानायचा. त्यावरून लोक म्हणतात, बघा, एवढा मोठा वादक जुन्या तारांवरच वाजवायचा! पण त्याच्या बेसवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट तारा होत्या. फ्लॅटला खाचाच नाहीत, म्हणून मळ आत शिरत नाही. पहिले काही आठवडे जी थोडीशी चकाकी असते ती गेली की तार एका आवाजावर ठरते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. जुनेपण त्याला मानवलं, कारण त्या ताराच जुन्या व्हायला योग्य होत्या. त्याच्या दाखल्यावर राऊंडचा सेट चार वर्षं ठेवणं चुकीचं आहे.

खरं तर १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला त्या दशकात बेसवाल्यांचा आवाज फ्लॅटचाच होता. डबल बेसच्या तारा गुळगुळीत असत, तीच चाल नव्या वाद्याने उचलली. राऊंडचा जमाना आला १९६६ नंतर. 'द हू' या इंग्रजी बँडचा जॉन एंटविसल आपल्या तारांवर नाखूश होता. तो रोटोसाउंड कंपनीत गेला आणि मनासारखा उजळ सेट त्यांच्याबरोबर बसून बनवून घेतला. बेसला गिटारच्या बरोबरीने पुढे येऊन बोलायचं होतं, त्यासाठी राऊंड हवी होती. दहा वर्षांनी, १९७६ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये जॅको पास्टोरियसने त्याच राऊंड तारा फ्रेट नसलेल्या बेसवर लावून त्याला गायला लावलं. तारेने लाकूड खरवडू नये म्हणून फिंगरबोर्डवर बोटीला लावतात ते इपॉक्सी चढवलं होतं. हे सगळं सांगतोय ते राऊंडला कमी लेखू नयेस म्हणून. तुला उद्या बेसवादक मोहिनी डेसारखं स्लॅप वाजवायचं असेल, आणि ती आपल्या मुंबईचीच मुलगी आहे, तर राऊंडशिवाय इलाज नाही, आणि तीही ताजी राऊंड हवी. मेलेल्या राऊंडवर स्लॅप मारलास तर नुसता लाकडावर ठोकल्याचा आवाज येतो.

मग तुला फ्लॅट का सांगतोय? तू काय वाजवतोस ते बघून. तुझं काम म्हणजे शिवाजी मंदिर, गणपतीतले मंडळांचे कार्यक्रम. जुनी हिंदी गाणी, मराठी भावगीतं, मधूनच कोळीगीत, शेवटी लोकांना नाचवायला 'झिंगाट'. तुझ्या शेजारी तबला असतो, ढोलकी असते, ढोलक असतो. इंग्रजी पुस्तकांत बेसचं नातं ड्रमच्या पायाशी लावलेलं असतं, आणि तो पाय एकदा धप्प वाजून थांबतो. आपल्याकडे डग्गा थांबत नाही. तबलजी मनगट दाबून घुमारा वर चढवतो, खाली सोडतो, आणि ती मींड बेसच्याच टापूत फिरते. तुझी उघडी ई सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची, ए ५५ ची, डी ७३ ची, जी ९८ ची. डग्ग्याचा घुमारा याच्याच अंगाखांद्यावर असतो. तिथे ताज्या राऊंडचा सूर लांबत राहिला तर डग्ग्याची मींड बुजते आणि खालच्या बाजूला नुसता गोंधळ ऐकू येतो. साउंडवाला मग दोघांचाही लो कापतो, आणि गाण्याचा पायाच जातो. फ्लॅटचा सूर भरून उठतो आणि त्याची वरची किनार लवकर विरते. सम दाखवून बाजूला होतो, डग्ग्याला बोलायला जागा ठेवतो. बेसवाल्याच्या बोटांचा यात मोठा वाटा आहेच, डाव्या हाताने सूर वेळेवर बंद करायला तुला शिकावंच लागेल, पण तार तुझ्या बाजूने असली की निम्मं काम झालेलं असतं.

दुसरं कारण घसीटीचं. आपल्या गाण्यांत बेसवाल्याला एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जावं लागतं. गायक मींडेने जातो, व्हायोलिनवाले मींडेने जातात, मग बेसने पायऱ्या मोजत का जावं? राऊंडवर सरकलास की बोटाखाली वेढे करकरतात. रॉकमध्ये ती करकर चालते, कित्येकांना आवडतेही. पण भावगीतात अंतऱ्याआधी क्षणभर सगळी वाद्यं थांबतात, गायिका श्वास घेते, आणि तेवढ्यात तुझी तार करकरते. फ्लॅटवर बोट गुपचूप सरकतं. मला विचारशील तर फक्त एवढ्यासाठीसुद्धा भावगीत वाजवणाऱ्याने फ्लॅट लावावी.

आणि तू जी गाणी वाजवतोस त्यांच्या मूळ रेकॉर्डवरचा बेस लक्ष देऊन ऐक. मुंबईच्या सिनेसंगीतात बेस गिटार यायच्या आधी डबल बेस होता, आणि तो वाजवणाऱ्यांत गोव्याची मंडळी पुष्कळ. धोबीतलावला त्यांच्या गावांचे कूड, म्हणजे एकत्र राहण्याच्या जागा, होते, तिथून ही माणसं ताडदेवच्या फिल्म सेंटरला, महालक्ष्मीच्या फेमसला रेकॉर्डिंगला जायची. सगळा वाद्यवृंद एकत्र बसून एकाच वेळी वाजवायचा, त्यामुळे बेसला तबला, ढोलक, व्हायोलिन सगळ्यांमधून वाट काढावी लागायची. पुढे संगीतकार पंचमदांनी बेस गिटारला खरा मान दिला. टोनी वाझ यांचा बेस पंचमदांच्या गाण्यांत असा चालतो की तो काढून टाकला तर गाणं लंगडं होईल. त्या सुरांना सुरुवात आहे, पोट आहे, आणि लगेच शेवट आहे. झणझण शोधून सापडत नाही. तुला आणि मला पगार मिळतो तो लोकांच्या कानात बसलेला तो आवाज परत द्यायचा म्हणून.

त्याच सिनेवादकांतले चरणजीत सिंग बेसही वाजवायचे आणि नवी नवी यंत्रं शोधून आणायचे. १९८२ साली त्यांनी रोलंडचं टीबी-३०३ हे यंत्र वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यात रेकॉर्ड केले. ते यंत्र बनवलं होतं बेस गिटारवाल्याच्या जागी ठेवायला. बेससारखा आवाज त्याला कधीच जमला नाही, पण चरणजीत सिंगांनी त्यातून रागच काढले. विषय जरा सोडून झालं, पण ती रेकॉर्ड ऐकच. खालच्या सुराला किती रूपं असू शकतात ते कळेल.

तुझ्या कॉलेजच्या बँडचं काय, हा प्रश्न तुझ्या मनात असणार. फ्लॅट म्हणजे म्हातारं, हळू संगीत, असा एक समज आहे. स्टीव्ह हॅरिसचं नाव तुला मी सांगायला नको. आयर्न मेडनचा तो बेसवाला, घोडदौडीसारखा वाजवणारा, आणि त्याच्या बेसवर रोटोसाउंडच्या फ्लॅट तारा असतात, त्याही जाड, ५० ते ११० हजारांश इंचांच्या. १ फेब्रुवारी २००८ ला खाडीपलीकडे बीकेसीच्या मैदानावर ते वाजवून गेले तेव्हा तुझ्या मित्रांचे मोठे भाऊ तिथे असतील. त्यांना विचार, बेस ऐकू आला का. जाता जाता हेही लक्षात ठेव की हा माणूस फ्लॅट जुनी होऊ देत नाही, ताजी असतानाच वाजवतो. जेमरसनचा नेम उलटा. तार एकाच जातीची, दोघांनी दोन टोकांना नेली, आणि दोघांनीही विचारपूर्वक नेली.

फ्लॅटची एक खरी उणीव आहे ती सांगतो. मोबाइलवर तुमच्या शोची क्लिप ऐकशील तर बेस नाहीसाच वाटेल. फोनच्या बोटाएवढ्या स्पीकरला ४१ काय, १०० कंपनांचा सूरही धड वाजवता येत नाही. राऊंडचा ट्रेबल तिथे निदान बेस आहे एवढं कळवतो. फ्लॅटकडे तो आधार कमी. तेव्हा फक्त व्हिडिओसाठी काही रेकॉर्ड करणार असाल तर पिक घेऊन ब्रिजजवळ वाजव, ट्रेबल थोडा चढव. पण सभागृहात दहाव्या रांगेत बसलेल्या माणसासाठी वाजवायचं की फोनसाठी, याचा निकाल माझ्या मनात केव्हाच लागलेला आहे.

पैसे खर्च करण्याआधी एक प्रयोग कर, फुकटचा आहे. भांडी घासायच्या स्पंजची बोटभर रुंद पट्टी काप आणि ब्रिजच्या अगदी पुढे, तारांच्या खाली सरकव. तारांना नुसती टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे. जुन्या फेंडर बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली असाच फोमचा तुकडा कंपनीच बसवून देत असे. मग टोनचं बटण निम्म्याच्या खाली आण, आणि अंगठ्याने किंवा बोटाच्या गादीने, मानेच्या बाजूला सरकून वाजव. तबलजीला सोबत बसव. एक-दोन रिहर्सल असं वाजवून बघ. हा हुबेहूब फ्लॅटचा आवाज नाही, पण त्या दिशेचा आहे. तुला तो आवडला, हातांना त्यात काही सुचायला लागलं, तर सेट मागव. दोन रिहर्सलमध्येच जीव घुसमटला आणि झणझणीची आठवण येऊ लागली, तर मी वर काय लिहिलंय ते सगळं विसरून राऊंडचा नवा सेट लाव आणि तो वेळेवर बदलत जा. सध्याच्या तारा मात्र दोन्ही परिस्थितींत उतरायला हव्यात.

सेट कोणता? राऊंड सगळीकडे मिळते, फ्लॅट बहुधा सांगून मागवावी लागते आणि दुपटीच्या आसपास किंवा जास्त पैसे पडतात. पण राऊंडचे किती सेट या हवेत वर्षभरात लागतात ते मोजलंस तर फ्लॅट स्वस्तच पडते. जेमरसनच्या नावाने ५२ ते ११० चा सेट मिळतो, तो मोहात पडून घेऊ नकोस. त्यासाठी नटच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागतील आणि डाव्या हाताची बोटं महिनाभर रडतील. डॅडारिओचा क्रोम्स, ४५ ते १००, किंवा ला बेलाचा ४५ ते १०५ घे. दोन्हींची पट्टी स्टेनलेस स्टीलची आहे, खाऱ्या हवेला बरी. क्रोम्स फ्लॅटमध्ये जरा उजळ, तुझ्या कॉलेजच्या बँडलाही चालेल, म्हणून माझी पसंती त्याला. रोटोसाउंडच्या मोनेल तारा मिळाल्या तर त्याही हवेला टिकतात. मोनेल हा निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू जहाजाच्या कामात वापरतात तो उगाच नाही. थॉमास्टिकचा जाझ फ्लॅट हाताला फार मऊ आणि सुरेल, पण त्याचा ताण कमी, जोरात वाजवलंस की तार फ्रेटवर आपटते. तुझा हात अजून जड आहे. तो सेट काही वर्षांनी.

एक महत्त्वाचं. फ्लॅट तारेत धातू जास्त भरलेला असतो, म्हणून तीच जाडी असली तरी ओढ बहुधा वाढते. चार तारा मिळून मानेवर ७० ते ९० किलोची ओढ असते, त्यात फरक पडला की मान पुढे वाकते आणि तारा उंच होतात. मानेतला ट्रस रॉड पाव वळणापेक्षा जास्त एका वेळी फिरवायचा नाही आणि लाकडाला रात्रभर वेळ द्यायचा. हे तू एकट्याने करू नकोस, माझ्याकडे ये.

आणि तार कापण्याची घाई तर मुळीच नको. खुंटीच्या पुढे चार-पाच इंच मोजून, तिथे तारेला आधी पक्कडीने काटकोनात पक्का बाक दे, मग बाकाच्या पुढे काप. बाक न देता फ्लॅट कापलीस तर पट्टी गाभ्यावरून सरकते, आणि नवी कोरी तार लावताक्षणी मेलेली असते. पट्टीच्या टोकाला रंगीत रेशीम गुंडाळलेलं असतं, ते नटच्या पलीकडे खुंटीच्याच बाजूला राहिलं पाहिजे. तुझ्या बेसमध्ये तारा मागून अंगातून ओवायची सोय दिसते. राऊंडला ती चालते, फ्लॅटला तिथला बाक फार तीव्र पडतो, पट्टी फाकते. ब्रिजवरूनच ओवायची.

लावल्यावर पहिला आठवडाभर आवाज जरा काचेरी वाटेल, घाबरू नकोस. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून-खालून पूस, तेवढं पुरे. फ्लॅटलाही गंज चढतोच, मळ आत जात नाही इतकंच. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेव, आणि मंडपातून ओल्या अंगाने आलेला बेस तसाच बॅगेत कोंबू नकोस.

सेट हातात आला की रविवारी सकाळी ये. चिंचपोकळीहून दादरला गाडी बदल, वेस्टर्नची स्लो पकड. रविवार जमला नाही तर दुसरा दिवस चालेल, बुधवार मात्र टाळ. १९४८ पासून चालत आलेल्या सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाची गर्दी सकाळपासून रात्रीपर्यंत असते, आणि बेसची बॅग खांद्यावर घेऊन माहीम स्टेशनचा जिना उतरणं त्या दिवशी अवघड होतं. ॲलन की, पक्कड, कानस सगळं माझ्याकडे आहे. तू फक्त ट्यूनर आण आणि जुन्या तारा बेसवर तशाच असू देत. घरूनच सगळ्या काढून आलास तर मान सैल पडलेली असेल आणि तिचा आधीचा बाक मला बघता येणार नाही. तबलजी मोकळा असेल तर त्यालाही घेऊन ये, डग्ग्यासह.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा